वाचकांचे प्रश्न : नमुन्याची पेटी घेऊन एसेनला जाण्यापूर्वी

पटावरच्या खेळांसंबंधीच्या या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत. स्वतः तयार केलेल्या, अद्याप प्रकाशित न झालेल्या खेळाचा नमुना परदेशातील मोठ्या मेळ्यात कसा दाखवावा, हा त्यांचा विषय आहे. म्हणून हा अंक त्या तिघांनाच दिला आहे. पहिले पत्र तपशीलवार असल्यामुळे त्याचे उत्तरही लांबले आहे.

प्रश्न : मी कराडजवळच्या एका गावात राहतो आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. गेली तीन वर्षे मी ऊसतोडणीच्या हंगामावर एक बोर्डगेम तयार करत आहे. दोन ते चार जण तो खेळू शकतात आणि एक डाव सव्वा तासात संपतो. प्रत्येक खेळाडूकडे काही कोयते, दोन ट्रॅक्टर आणि कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपासाठी टाकतात त्या जागी, ठरलेली पाळी असते; तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही, तर दर फेरीला त्याचे वजन घटते. पुण्यातील दोन बोर्डगेम कॅफेंत आणि आमच्या वसतिगृहात मिळून चाळीसेक डाव झाले आहेत आणि खेळ लोकांना आवडतो. ऑक्टोबरात जर्मनीतील एसेन येथे भरणाऱ्या मेळ्यात तो मांडावा, असा विचार आहे. छोटा स्टॉल घ्यावा, मोठे फलक लावावेत आणि पन्नास प्रती छापून न्याव्यात, असे मित्र सुचवतात. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याची माझी तयारी आहे. हा खर्च करावा का? तिथे नेमके काय करावे? आणि ऊसतोडणी हा विषय तिकडच्या लोकांना कळेल का, की तो बदलून द्राक्षे आणि वाइन असे काही करावे? आपण मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, कराड

उत्तर : भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका, हे आधी सांगतो. एसेनला जरूर जा, परंतु स्टॉल न घेता, पाठीवरच्या पिशवीत खेळाचे दोन नमुने घेऊन जा. या सल्ल्यामागचे कारण त्या मेळ्याच्या स्वरूपात आहे, म्हणून थोडे त्याविषयी.

जर्मन भाषेत ज्याला नुसते ‘श्पील’, म्हणजे खेळ, म्हणतात तो एसेनचा मेळा 1983 साली ‘श्पीलबॉक्स’ या खेळविषयक मासिकाच्या वाचकांचा छोटा मेळावा म्हणून शहरातील लोकशिक्षण केंद्रात सुरू झाला. (वाचकांच्या सदरात लिहिणाऱ्याला ही गोष्ट सांगताना थोडा आनंद होतो, तेवढा क्षम्य मानावा.) आज तो ‘मेसे एसेन’ या विस्तीर्ण प्रदर्शन संकुलात गुरुवार ते रविवार असा चार दिवस चालतो आणि 2024 साली तिथे दोन लाखांहून अधिक लोक आले. यातील बहुसंख्य लोक तिकीट काढून, चाकांच्या रिकाम्या पिशव्या ओढत, नवे खेळ विकत घ्यायला आलेले असतात. त्यांच्या हातात आधीच तयार केलेली यादी असते आणि त्या यादीत तुमच्या खेळाचे नाव असणार नाही. एसेन ही मुळात बाजारपेठ आहे. अपुऱ्या खेळाची परीक्षा घ्यायला तिथे कोणी येत नाही.

आता हिशेब पाहा. मेळा सकाळी 10 ते संध्याकाळी 7 (रविवारी 6 पर्यंत) चालतो, म्हणजे दिवसाचे फार तर नऊ तास. तुमचा डाव पंचाहत्तर मिनिटांचा आणि नियम सांगायला वीस मिनिटे, असे धरले तर एका टेबलावर दिवसाला पाच डाव होतील. चार दिवसांत वीस डाव, म्हणजे फार तर ऐंशी माणसे. त्यांना खेळ आवडला तरी ज्या प्रकाशकापर्यंत तुम्हाला पोहोचायचे आहे, तो त्या ऐंशींत असण्याची शक्यता अत्यल्प आहे, कारण प्रकाशकांचे संपादक त्या वेळी स्वतःच्या भेटीगाठींत अडकलेले असतात. त्यांना शोधत तुम्ही फिरू म्हणाल, तर स्टॉल सोडता येत नाही. थोडक्यात, स्टॉलच्या चौरस मीटरचे भाडे भरून तुम्ही स्वतःलाच एका जागी बांधून घेता.

पन्नास प्रतींची सूचना तर मला अधिकच अडचणीची वाटते. छापलेली प्रत विकायला ठेवली की खेळ प्रकाशित झाला, असे बहुतेक प्रकाशक मानतात आणि मग त्यांचा त्यातील रस कमी होतो. शिवाय चाळीस डावांनंतर नियमांत ज्या चुका अजून दडलेल्या असतील, त्या पन्नास पेट्यांमध्ये कायमच्या छापल्या जातात. विक्रीचा माल म्हणून त्या नेल्या तर जर्मनीतील सीमाशुल्क आणि करांची कागदपत्रे वेगळी. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा एका परिचिताच्या स्टॉलवरचे अर्धे टेबल वापरले होते. तीन दिवसांत तीसेक माणसे बसली, सर्वांनी हसून ‘फार छान’ म्हटले, हस्तांदोलन केले आणि ती गेली; परतीच्या विमानात वही उघडली तेव्हा तिच्यात पुढच्या कामाला उपयोगी पडेल अशी एकही ओळ नव्हती.

जर्मन खेळप्रकाशनाची एक परंपरा आपल्या पुस्तकप्रकाशनाच्या जवळची आहे, आणि ती लक्षात घेतली तर पुढचे काम सोपे होते. तिथे खेळ रचणाऱ्याला लेखक म्हणतात, त्याचे नाव पेटीवर छापले जाते आणि प्रकाशन संस्थेत खेळ निवडून त्यावर लेखकासह काम करणारा संपादक असतो. तुम्हाला भेटायचे आहे ते या संपादकाला. त्यासाठी ऑगस्टच्या मध्यापर्यंत पत्रव्यवहार सुरू व्हायला हवा, कारण सप्टेंबरअखेर त्यांच्या भेटींच्या वेळा भरत येतात. तुमच्या खेळाएवढ्या लांबीचे आणि साधारण तेवढ्याच वजनाच्या पेटीत मावणारे खेळ काढणारे बारा-पंधरा प्रकाशक निवडा. बाहेरच्या लेखकांचे खेळ ते स्वीकारतात का आणि कोणत्या पद्धतीने, हे प्रत्येकाच्या संकेतस्थळावर पाहा. काही प्रकाशक मुळीच स्वीकारत नाहीत. मग प्रत्येकाला स्वतंत्र, लहान पत्र लिहा. एकच मजकूर पंधरा जणांना पाठवला की तो लगेच ओळखू येतो. पंधरांपैकी पाच जणांनी वेळ दिला, तरी तुमची सहल सार्थकी लागली असे समजा. दोन भेटींमध्ये किमान अर्धा तास मोकळा ठेवा; एका दालनातून दुसऱ्या दालनात जायला गर्दीमुळे जो वेळ लागतो, त्याचा अंदाज नकाशावरून येत नाही.

पत्रासोबत एक पानाचा परिचय जोडावा. त्यावर खेळाचे नाव, खेळाडूंची संख्या, वय, वेळ, पेटीत किती पत्ते, किती लाकडी सोंगट्या आणि किती पुठ्ठे लागतील याची यादी, मांडलेल्या पटाचे एक स्वच्छ छायाचित्र आणि या खेळात इतरांपेक्षा वेगळे काय आहे, हे सांगणारी तीन वाक्ये असावीत. त्या तीन वाक्यांत तुम्ही कारखान्यांचा इतिहास, सहकार चळवळ आणि तुमचे बालपण घालू पाहाल. तो मोह आवरा. तुमच्या पत्रातील ‘तोडलेल्या उसाचे वजन दर फेरीला घटते’ हा एकच मुद्दा पुरेसा आहे. तोडणीनंतर ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा, नाहीतर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात, हे तुमच्या भागात शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण ज्याने आयुष्यात उसाचा फड पाहिलेला नाही, त्यालाही ‘माल तयार आहे, गव्हाणीसमोर रांग आहे आणि दर फेरीला माल कमी होतो आहे’ ही कोंडी क्षणात कळते. ही कोंडीच तुमच्या खेळाचा गाभा आहे, आणि संपादक तीच विकत घेतो.

प्रत्यक्ष भेट वीस ते तीस मिनिटांची असते. या वेळात पहिल्यापासून नियम सांगून पूर्ण डाव खेळवायचा प्रयत्न केला तर वेळ मांडामांडीतच जातो. पट आधीच डावाच्या मध्यावर मांडून ठेवावा, म्हणजे फडात काही ऊस तोडून पडलेला आहे, एक ट्रॅक्टर रांगेत आहे आणि दुसऱ्या खेळाडूची पाळी आधी आहे, अशा स्थितीत. मग दोन वाक्ये बोलून समोरच्याच्या हातात सोंगटी द्यावी. तिसऱ्या मिनिटापर्यंत संपादकाने स्वतः एक चाल केलेली असावी, असा माझा नियम आहे. त्यानंतर तो जे विचारेल, त्याचीच उत्तरे द्यावीत. डाव कशाने संपतो, मागे पडलेल्या खेळाडूला परत येण्याची वाट आहे का, दोघांत खेळताना काय बदलते, हे प्रश्न हमखास येतात. ‘हा आमच्या यादीत बसत नाही’ असे त्याने म्हटले तर वाद न घालता, तो कोणाच्या यादीत बसेल, असे विचारावे. माझ्या अनुभवात या प्रश्नाचे उत्तर बहुतेक संपादक प्रामाणिकपणे देतात, आणि मला मिळालेली सर्वांत उपयोगी भेट अशाच एका नकारातून मिळाली होती.

संपादक आणखी एक प्रश्न विचारेल आणि तिथे तुमची बाजू सध्या लंगडी आहे. तुम्ही शेजारी नसताना, फक्त लिखित नियम वाचून, अनोळखी लोकांनी हा खेळ किती वेळा खेळला आहे? तुमच्या चाळीस डावांपैकी वसतिगृहातले डाव मी मोजणार नाही, कारण सरांचा खेळ कंटाळवाणा आहे असे सरांना सांगणारा विद्यार्थी विरळा. कॅफेतही तुम्ही टेबलाशी उभे राहून नियम सांगितले असतील. आता पेटी आणि इंग्रजी नियमपत्रिका अशा घरांत पाठवा, जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. त्यांना मोबाइलवर डावाचे चित्रीकरण करायला सांगा आणि ते पाहताना कोणत्या परिच्छेदाशी ते अडखळतात, कोणता नियम चुकीचा खेळतात, याची नोंद करा. असे आठ-दहा डाव झाल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये, असे माझे मत आहे.

नमुना सुंदर असण्याची गरज नाही. तो स्वच्छ आणि वाचनीय असला की पुरे. चित्रकाराला पैसे देऊ नका, कारण प्रकाशक चित्रे स्वतः करून घेतो आणि तुमची बहुधा फेकून देतो. कागदावर छापलेला पत्ता, मागे आधार म्हणून जुन्या कॅटमधले पान आणि वर प्लास्टिकचे पारदर्शक पाकीट, ही सर्वांत सोयीची पद्धत आहे, कारण रात्री हॉटेलच्या खोलीत नियम बदलला तरी सकाळी नवा कागद आत सरकवता येतो. मराठी शब्द पत्त्यांवर ठेवायचेच असतील तर शीर्षकापुरते ठेवा आणि बाकी सर्व चिन्हांत सांगा. एसेनमध्ये एकाच टेबलावर चार भाषांची माणसे बसतात. खेळाडूंचे रंग केवळ लाल-हिरव्यावर सोडू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांतील एकाला लाल-हिरवा भेद नीट दिसत नाही, तेव्हा प्रत्येक रंगाच्या सोंगटीचा आकारही वेगळा असावा. दोन नमुने हातातल्या सामानात ठेवा, म्हणजे एक प्रकाशकाकडे ठेवून घेतला गेला तरी दुसरा शिल्लक राहतो. त्याखेरीज ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ किंवा ‘टेबलटोपिया’वर खेळाची अंकीय आवृत्ती तयार ठेवा. अनेक संपादक आता ‘दुवा पाठवा, कार्यालयातल्या मंडळींबरोबर खेळून पाहतो’ असे म्हणतात, आणि साताऱ्याच्या टपालापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडते.

आता विषयाचा प्रश्न. ऊस बदलू नका. द्राक्षमळे आणि वाइन यांवर युरोप-अमेरिकेत चांगले खेळ आधीच बरेच आहेत आणि त्या विषयातले बारकावे तुमच्यापेक्षा तिथल्यांना अधिक ठाऊक आहेत. उलट, ज्या विषयावर कोणी खेळ केला नव्हता, त्यानेच यश दिल्याचे एक उदाहरण जवळचे आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ हारग्रेव्ह या आरोग्यधोरणाच्या क्षेत्रात काम करत होत्या आणि त्यांना पक्षीनिरीक्षणाचा छंद होता. त्यांनी 2016 साली ‘जेन कॉन’ या अमेरिकेतील खेळांच्या मेळ्यात पक्ष्यांवरच्या खेळाचा नमुना प्रकाशकांना दाखवला; ज्यांना तो आवडला त्यांनीही बरेच बदल करायला सांगितले, आणि 2019 साली ‘विंगस्पॅन’ या नावाने तो आला. प्रत्येक पत्त्यावर एक खरा पक्षी आणि त्याच्या खऱ्या सवयींतून आलेला नियम, असे 170 पत्ते त्यात आहेत. त्याच वर्षी जाणकार खेळाडूंसाठीचा जर्मनीचा वार्षिक पुरस्कार त्याला मिळाला. तुमच्याकडे कोयता, उचल (मजुरांना दिलेली आगाऊ रक्कम), मुकादम, मोळी आणि गव्हाण यांचे असेच खरे ज्ञान आहे.

मात्र त्याच ज्ञानामुळे एका अवघड प्रश्नाची तयारी तुम्हाला करावी लागेल. ‘पोर्तो रिको’ हा 2002 साली आलेला, साखर आणि नीळ पिकवण्याचा जर्मन खेळ कित्येक वर्षे सर्वोत्तम खेळांत गणला गेला. त्यात मळ्यांवर राबणाऱ्या लहान तपकिरी चकत्यांना ‘वसाहतवाले’ म्हटले होते. हे मळ्यांवर राबणारे लोक इतिहासात खरे कोण होते, असा प्रश्न खेळाडू पुढे विचारू लागले आणि 2022 साली आलेल्या नव्या आवृत्तीत काळ 1897 पर्यंत पुढे आणून खेळाडूंना स्थानिक शेतकऱ्यांच्या भूमिका दिल्या गेल्या. तुमच्या खेळातला एक ‘कोयता’ म्हणजे आपल्याकडच्या बोलीत नवरा-बायकोची एक जोडी असते, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, कारण तुम्हाला ते सांगण्याची गरजच वाटली नसावी. एसेनमधला संपादक मात्र विचारेल की ही लाकडी सोंगटी कोण आहे, ती उचल का घेते आणि हंगाम संपल्यावर कुठे जाते. बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या खेळाडूच्या मालकीची साधने म्हणून वावरतात की त्यांचेही काही म्हणणे पटावर उमटते, हे तुम्ही आत्ताच ठरवायला हवे. मला विचाराल तर टोळीने पाळी नाकारण्याची किंवा दुसऱ्या फडाकडे जाण्याची एखादी चाल खेळात असावी. त्यामुळे खेळ अधिक खराही होईल आणि अधिक अटीतटीचाही.

प्रवासाविषयी थोडक्यात. प्रकाशकांच्या भेटी ठरल्या असतील तर त्यांची पत्रे जोडून व्यावसायिक कारणाच्या शेंगेन व्हिसासाठी अर्ज करा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि युरोपातील उन्हाळ्याच्या दिवसांत व्हिसा केंद्रातील भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा जूनमध्येच हालचाल करा. प्रौढांसाठीचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. ड्युसेलडॉर्फचा विमानतळ जवळ पडतो. एसेनच्या मुख्य स्थानकातून यू-11 ही भुयारी रेल्वे थेट प्रदर्शन संकुलाशी नेते. त्या आठवड्यात एसेनमधील खोल्यांचे दर चढलेले असतात, म्हणून शेजारच्या ड्युइसबुर्ग किंवा बोखुममध्ये राहून रेल्वेने ये-जा करणे परवडते. पत्ते कापायची सुरी आणि कात्री मोठ्या बॅगेत टाकायला विसरू नका.

प्रश्न : माझ्या खेळाची मूळ कल्पना अगदी नवी आहे. मेळ्यात दाखवली की कोणीतरी ती उचलेल, अशी भीती वाटते. आधी पेटंट घ्यावे का? प्रकाशकाकडून गोपनीयतेच्या करारावर सही घ्यावी का? आणि खेळ स्वीकारला गेला तर पैसे किती मिळतात?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भारतात पेटंटचा विचार सोडून द्यावा. 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3 मधील (म) क्रमांकाच्या, म्हणजे इंग्रजी ‘एम’ अक्षराच्या, पोटकलमानुसार खेळ खेळण्याची पद्धत हा शोधच मानला जात नाही. कॉपीराइट मिळतो तो नियमपत्रिकेच्या मजकुराला, चित्रांना आणि पटाच्या आरेखनाला. चालीमागच्या कल्पनेला तो मिळत नाही, आणि याबाबत इतर देशांतली स्थितीही फारशी वेगळी नाही. गोपनीयतेच्या करारावर सही मागितली तर बहुतेक प्रकाशक भेटच रद्द करतील, आणि त्यांचे कारण रास्त आहे. एका मेळ्यात ते शंभरांवर नमुने पाहतात. त्यांतल्या दहांची यंत्रणा एकमेकांसारखी असते आणि त्यांचा स्वतःचा एखादा खेळही तशाच कल्पनेवर आधीपासून तयार होत असतो. सही केली तर उद्या कोणीही त्यांच्यावर दावा लावू शकेल.

तुमचे खरे संरक्षण वेगळ्या प्रकारे होते. खेळ जितक्या लोकांनी तुमच्या नावानिशी खेळलेला असेल, तितकी तो चोरणाऱ्याची पंचाईत मोठी, कारण हे क्षेत्र लहान आहे आणि इथे नाव खराब झालेल्या प्रकाशकाला लेखक मिळत नाहीत. तारीख घातलेली नियमपत्रिका, चाचणीच्या नोंदी आणि कोणाला कधी काय दाखवले याची वही नीट ठेवा. मी तर म्हणेन की नवख्या लेखकाचा खेळ चोरीला जाण्यापेक्षा कोणाच्याच लक्षात न राहण्याचा धोका कितीतरी मोठा असतो.

लेखकाचे नाव पेटीवर असण्याचा हक्कही असाच एकजुटीतून आला आहे. 1988 साली न्युरेम्बर्गच्या खेळणी मेळ्यात तेरा खेळलेखकांनी एका बिअरच्या ग्लासाखालच्या चकतीवर सह्या केल्या, की पेटीवर नाव छापणार नसेल अशा प्रकाशकाला आपण खेळ देणार नाही. त्यांच्यातूनच पुढे, 1991 साली, खेळलेखकांची संघटना उभी राहिली.

पैशांचे बोलायचे तर लेखकाला मानधन प्रकाशकाच्या जमेवर मिळते, दुकानातील किमतीवर नाही. त्याचा दर साधारण पाच ते आठ टक्क्यांत असतो. उदाहरणादाखल, 40 युरोंच्या खेळावर प्रकाशकाच्या हाती 16 युरो आले आणि दर सहा टक्के असला, तर प्रतीमागे 96 सेंट होतात. तीन हजार प्रतींच्या पहिल्या आवृत्तीवर 2,880 युरो. तीन वर्षांच्या कामाचा मोबदला म्हणून ही रक्कम पाहिली तर निराशा होईल. करारात आगाऊ रकमेचा उल्लेख, ठरलेल्या मुदतीत खेळ न काढल्यास हक्क परत मिळण्याचे कलम आणि इतर भाषांच्या आवृत्त्यांतील वाटा या तीन गोष्टी वकिलाकडून पाहून घ्याव्यात. प्रकाशकाने नमुना ठेवून घेतला तर निर्णयाची तारीख तिथेच, तोंडी का होईना, ठरवून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पत्राने तिला दुजोरा द्या; मी हे न केल्यामुळे माझा एक नमुना एका प्रकाशकाच्या कपाटात चौदा महिने पडून राहिला.

प्रश्न : आम्ही गेली नऊ वर्षे कॉव्हेंट्रीला राहतो. मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी मिळून सारीपाटाच्या धर्तीवर एक खेळ करत आहोत, पण तो अर्धवट आहे. शेवटचा भाग रेंगाळतो. बर्मिंगहॅमला होणाऱ्या मेळ्यात असा अपुरा खेळ दाखवणे योग्य होईल का, की पूर्ण झाल्यावरच जावे?
— एक वाचिका, इंग्लंड

उत्तर : अपुरा आहे म्हणूनच जा. तुमच्या घरापासून बर्मिंगहॅमचे राष्ट्रीय प्रदर्शन केंद्र फार दूर नाही आणि ‘यूके गेम्स एक्स्पो’ हा मेळा, जो 2007 पासून भरतो आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला असतो, तुमच्या कामासाठी एसेनपेक्षा अधिक योग्य आहे. तिथे ‘प्लेटेस्ट यूके’ या खेळलेखकांच्या मंडळाचा स्वतंत्र चाचणी विभाग असतो. लेखक ठरावीक वेळेसाठी टेबल आधी आरक्षित करतात आणि नवे, कच्चे खेळ खेळून पाहायचे म्हणूनच लोक तिथे बसतात. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या जेन कॉनमध्येही अशा चाचण्यांसाठी वेगळे दालन ठेवलेले असते. समोर बसणाऱ्याला खेळ अपुरा आहे हे आधीच माहीत असणे, एवढ्यानेच त्याच्या बोलण्यातला संकोच जातो.

तुमची तक्रार शेवटच्या भागाविषयी आहे, तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून खेळवू नका. सोंगट्या घराजवळ आलेल्या आहेत, अशा स्थितीत पट मांडा आणि फक्त शेवटची वीस मिनिटे खेळवा. एका आरक्षित वेळेत दोन-तीन गट होतील. सारीपाटाच्या घराण्यातील खेळांचे हे दुखणे जुने आहे, कारण नेमके दान पडेपर्यंत शेवटची सोंगटी दारात ताटकळत राहते. एका गटाला नेमक्या दानाचा नियम ठेवून आणि दुसऱ्याला तो काढून खेळवलेत, तर फरक तुमच्या डोळ्यांसमोर येईल. ‘हा तर लुडोच आहे’ असे पहिल्याच मिनिटाला कोणीतरी म्हणेल; तेव्हा पचिसीचा इतिहास सांगायला बसू नका, तुमच्या खेळातील वेगळी चाल लगेच करून दाखवा.

खेळ चालू असताना तुम्ही दोघींनी बोलायचे नाही, हे मुलीला आधी समजावून सांगा. मोठ्यांनाच ते जमत नाही, म्हणून तिला काम द्या: कोण कधी मोबाइल काढतो, कोण दुसऱ्याच्या पाळीत पट सोडून इकडेतिकडे पाहतो आणि हसू कोणत्या चालीला येते, याच्या खुणा तिने वहीत करायच्या. मुलांच्या नजरेतून हे सुटत नाही. डाव संपल्यावर ‘आवडला का’ हा प्रश्न विचारूच नका, कारण इंग्लंडमध्ये त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते, हे तुम्हाला नऊ वर्षांत कळले असेल. ‘कोणत्या पाळीला तुम्हाला करण्यासारखे काही नव्हते’ असे विचारा आणि उत्तर पटले नाही तरी लिहून घ्या. लोक सुचवतात त्या उपायांपेक्षा ते दाखवतात ती दुखरी जागा अधिक भरवशाची असते.

मुलीचे प्रवेशपत्रही तुमच्याबरोबरच काढा, कारण आठवड्याच्या शेवटी दारावर रांग असते. आणि फाशांचा एक जादा जोड जवळ ठेवा. त्या दालनांत टेबलाखाली गेलेला फासा सापडायला जितका वेळ लागतो, तितक्यात तुमच्या आरक्षित वेळेचा एक डाव निघून जातो.